ब्लाऊजची मापं आणि दहावीचं गणित

वसई पूर्वेला गोखिवऱ्यातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहायला आलो, तेव्हा भाडं, गॅस, टँकरचं पाणी, कचरा कुणी कधी खाली न्यायचा, या सगळ्यावर आमचं नीट बोलणं झालं होतं. नेटवर झालं नव्हतं. नेट म्हणजे काय, पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकवर एक पांढरी डबी आणि तिचे हिरवे दिवे. ते पेटलेले असले म्हणजे झालं, एवढीच आमची समजूत.

मी सांगलीकडची. घरी बसून दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. शाळा सुटून मुलं मोकळी होतात तेव्हा माझं काम सुरू होतं, म्हणजे संध्याकाळी सात ते नऊ. माझी रूममेट राजापूरजवळच्या गावातली. गोखिवऱ्यातच प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका गाळ्यात ती हिशेब सांभाळायची. एका ओळखीच्या बाईंनी आमची गाठ घालून दिली होती. मुलगी शांत, स्वच्छ, वेळेवर येणारी. संध्याकाळी कामावरून आली की दोघींसाठी चहा टाकायची, माझा कप माझ्या टेबलावर ठेवायची आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. अशी रूममेट मिळाली म्हणून आईने तिकडे देवाला नारळ फोडला होता.

पहिला महिना बरा गेला. मग मुलं सांगायला लागली, "मॅम, तुम्ही हलत नाहीये." मी इकडे वर्तुळाची स्पर्शिका समजावत असायचे आणि तिकडे त्यांना फक्त माझा थिजलेला चेहरा दिसायचा, तोंड उघडं, खडूसारखा पेन वर धरलेला. एका मुलाने त्या चेहऱ्याचा फोटो काढून स्टिकर बनवलं, ते वर्गाच्या ग्रुपवर फिरलं. मी हसून सोडून दिलं. पण पालकांचे निरोप यायला लागले, "टीचर मधेच गायब होतात." माझी कंपनी अशा निरोपांकडे फार लक्ष देते. तेव्हा हसू आटलं.

मी नेटवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर वायरची भेंडोळी घेऊन चार जिने चढून आला. डबी तपासली, मोबाईलवर काहीतरी बघितलं.

"लाइन चांगली आहे तुमची," तो म्हणाला. "खाली यायचा प्रॉब्लेम नाय. वर जायचा रस्ता फुल होतोय. घरातनं कोणीतरी सारखा व्हिडिओ बाहेर पाठवतंय."

"तो मीच. माझे क्लासेस असतात ना."

"तुमचा एक. दुसरा कोण?"

दुसरं कोण असणार? घरात आम्ही दोघीच. पण ती नेटवर करते तरी काय, हे मला कळत नव्हतं. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ. पलीकडून गाणी येत नसत, सिरियलचे संवाद येत नसत. बराच वेळ काहीच येत नसे. फक्त बांगड्यांची किणकिण, कधी टेबलावर हाताची थाप. आणि मग मधेच, त्या शांततेतून, ती मोठ्याने विचारायची, "काकू, बाही कोपरापर्यंत की अर्धी?" पुन्हा शांतता. पुन्हा बांगड्या. "पाठीला नॉट लावायची का? बरं. अस्तर तुम्ही देणार की आम्ही घालायचं?"

मी मनाशी ठरवून टाकलं की ही बाई नोकरी करून वर ब्लाऊज शिवायचा धंदा करते आहे. हल्ली बायका मोबाईलसमोर साड्या उलगडून विकतात, तसं काहीतरी. पण शिलाई मशीन कुठे होतं? तिच्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि एक खुर्ची. मी केर काढताना पाहिलं होतं.

एका संध्याकाळी माझा वर्ग चालू असताना आवाज तुटत गेला आणि सगळंच बंद पडलं. परीक्षा जवळ आली होती, प्रमेय अर्ध्यावर होतं. मी उठले आणि तिचं दार वाजवलं. जरा जोरातच.

तिने दार थोडं उघडलं. "काय गं?"

"तू काय करतेस नेटवर? रोज? माझा वर्ग बंद पडलाय."

"माझं पण काम चालू आहे."

"तुझं काम सहाला संपतं."

"ते गाळ्यातलं. हे वेगळं." तीही तापली होती. "आणि नेट दोघींचं आहे ना? मी काय फुकट वापरते?"

"मी असं म्हटलं का? मी एवढंच म्हणते की सात ते नऊ जरा कमी वापर."

"सात ते नऊच तर गिऱ्हाईकं येतात."

"कसली गिऱ्हाईकं?"

तिने दार पूर्ण उघडलं. "ये. बघ तूच."

खुर्चीवर पुस्तकांच्या आधाराने मोबाईल उभा केलेला होता. पडद्यावर एक छोटं दुकान दिसत होतं. भिंतीला टांगलेले शिवून झालेले ब्लाऊज, एक पायमशीन, गळ्यात माप घ्यायची टेप अडकवलेला एक वयस्क माणूस आणि शेजारी स्टुलावर बसून हातात सुई घेऊन काजं करणारी बाई. समोर एक गिऱ्हाईक, हातात निळ्या कापडाचा तुकडा घेऊन ताटकळलेलं. ती गिऱ्हाईक बाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होती, "अगो, गेलीस खंय? गळा मागून जास्त खोल नको म्हणून सांग त्यांना."

माझी रूममेट पडद्यासमोर उभी राहिली आणि तिने हातांनी काहीतरी केलं. भराभर. बोटं पाठीकडे नेली, थोडंसं खाली आणून थांबवली, मान हलवली. तिकडे त्या माणसाने स्वतःच्या पाठीवर हात नेऊन विचारलं, इतकं? तिने बोटांनी अजून थोडं वर दाखवलं. त्याने खडू उचलला.

"माझे बाबा," ती म्हणाली. "आणि ती आई. दोघांनाही ऐकू येत नाही. जन्मापासून."

बाबांना मी मागे उभी दिसले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. तिने काहीतरी सांगितलं. दोघंही हसले आणि आईने सुईसकट हात वर करून हलवला. मीही हलवला. दुसरं काय करणार? माझी तिकडे मुलं थांबली होती, पण मला पाऊल उचलेना.

त्या दिवशी जेवताना तिने सगळं सांगितलं. ती लहानपणापासून त्या दुकानाचं तोंड होती. शाळेतून आली की दप्तर टाकून काउंटरवर उभी राहायची. गिऱ्हाईक बोलणार, ती हातांनी बाबांना सांगणार, बाबा हातांनी विचारणार, ती गिऱ्हाईकाला सांगणार. वसईला नोकरी लागली तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न तोच होता. बायका लिहून द्यायला कंटाळतात. शिवाय आईबाबांना लिहिलेलं मराठी तुटकच कळतं. त्यांची भाषा हातांची, तिचा क्रमच वेगळा. पहिले काही महिने गिऱ्हाईक गळायला लागलं. मग कुणीतरी दुकानात नेट घेऊन दिलं आणि ही रोज संध्याकाळी गोखिवऱ्यातून दुकानात हजर राहायला लागली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण गिऱ्हाईक नसतं तेव्हा तरी बंद करत जा ना. बोलून झालं की ठेवायचा."

"बोलून झालं असं नसतं गं." तिने भाताचा घास परत ताटात ठेवला. "तू आईला फोन करतेस, तेव्हा भाजी चिरत बोलतेस. तुला ती ऐकू येते. माझ्या आईला मी दिसले पाहिजे. मी इथे कपड्यांच्या घड्या घालत असले तरी चालतं, पण दिसले पाहिजे. बंद केला की मी गेलेच."

मला ते कळलं. पण कळून माझा प्रश्न सुटत नव्हता. मुलांची परीक्षा पंधरवड्यावर आली होती आणि मलाही माझी नोकरी टिकवायची होती. ते मी तिला तसंच सांगितलं. तिने मान्य केलं. ठरलं असं की माझ्या वर्गाच्या वेळात तिने व्हिडिओचा दर्जा खाली आणायचा. चित्र जरा धूसर दिसेल, पण दिसेल.

आठवडाभर माझे वर्ग झकास चालले. एका संध्याकाळी वर्ग संपवून बाहेर आले तर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. कूकर लावायचा होता, तांदूळ धुऊन तसेच ठेवलेले.

"बाबांनी बाही चुकवली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कोपराच्या खाली चार बोटं सांगितली होती. मी हात खाली आणला, तेवढ्यात चित्र अडकलं. त्यांना वाटलं कोपराच्या वर. कापलं. नवरीच्या मावशीचा ब्लाऊज होता. पैठणीचं कापड."

तिने मला दोष दिला नाही. मीही माफी मागितली नाही, कारण दोघींनी मिळून ठरवलेली गोष्ट होती. पण माझ्या वर्गात चित्र अडकलं की स्टिकर होतं आणि तिच्या दुकानात अडकलं की कापड कापलं जातं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं. बाबांनी मग साडीच्याच काठाची पट्टी जोडून बाही लांब केली. मावशींना ती इतकी आवडली की त्यांनी दुसऱ्या ब्लाऊजला मुद्दाम तशी करायला सांगितली. पण हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. ते दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

नेटवाल्याला पुन्हा बोलावलं. या वेळी आम्ही दोघी त्याच्यासमोर बसलो आणि दोघींचं काम काय आहे ते सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. वर जायचा रस्ता रुंद असतो असा एक प्लॅन होता, तो सहसा कुणी मागत नाही म्हणाला, तो त्याने लावून दिला. डबीपासून माझ्या टेबलापर्यंत भिंतीच्या कडेने निळी वायर ओढली. "ताई, तुम्ही वायरवर, ह्या हवेवर. आता भांडायचं नाय," असं म्हणून पाणी पिऊन गेला.

त्यातून बराच फरक पडला. उरलेलं आम्ही एकमेकींना शिकवलं. मी इतके दिवस कॅमेऱ्यासमोर काम करत होते, मला काही गोष्टी माहीत होत्या. मागे फुलाफुलांचा पडदा असला की चित्र जड होतं. मी तिच्या भिंतीवर गडद रंगाची साधी चादर लावली, माझा जुना दिवा तिला दिला आणि दुकानातही मोबाईल कुठे ठेवायचा ते तिला बाबांना सांगायला लावलं. तिने मला सांगितलं की मी शिकवताना हात चेहऱ्यासमोर नाचवते आणि नेमकं बोट दाखवायचं तेव्हा ते चौकटीच्या बाहेर जातं. ऐकायला बरं वाटलं नाही. पण खरं होतं.

हळूहळू मीही तिच्या खोलीत डोकावायला लागले. तिच्या आईने मला एक नाव दिलं. त्यांच्या भाषेत माणसाला हाताने दाखवायचं नाव असतं, ते त्याच्या सवयीवरून पडतं. माझं कसं पडलं, तर मी वर्गासाठी वर चांगला कुर्ता घालते आणि खाली घरातला ढगळ पायजमा. कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नाही ना. पण मी तिच्या खोलीत उभी असायचे तेव्हा आईला सगळं दिसायचं. तिने दोन बोटांनी कॉलर ताठ केली आणि मग दोन्ही हात खाली नेऊन फडफडवले. दुकानातले तिघं, म्हणजे आई, बाबा आणि योगायोगाने आलेलं गिऱ्हाईक, पोट धरून हसले. तेव्हापासून तेच माझं नाव.

दिवाळी आटोपली की तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांच्या दुकानात जरा निवांत असतं. त्या दिवसांत आईबाबा गोखिवऱ्याला आले. नेट मोकळं, आता मी निवांत शिकवणार, असं मला वाटलं होतं. पण ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं घरात किती आवाज करतात याची मला कल्पना नव्हती. भांडी ओट्यावर आपटत, कपाटाची दारं धाडकन लागत, आई भाकरी थापताना सगळी इमारत हलते असं वाटायचं. मुलं विचारायची, "मॅम, तुमच्याकडे काम चालू आहे का?" एकदा मी सूत्र लिहीत असताना खोलीतला दिवा गेला, आला, गेला, आला. दारात आई उभी, बटणावर हात. त्यांच्याकडे हाक मारायची ती पद्धत.

"मॅम, लाईट गेली का?" एका मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चहा झालाय."

त्याच आठवड्यात एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या आंटी वर आल्या. त्या वसई गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, लग्नानंतर इकडे पूर्वेला राहायला आलेल्या. सोबत त्यांची लेक आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत पांढराशुभ्र फ्रॉक.

"तुमच्याकडे टेलर आलेत म्हणे," त्या म्हणाल्या. "रविवारी चर्चमध्ये हिचं पहिलं कम्युनियन आहे, पहिल्यांदा प्रसाद घेणार. फ्रॉक तयार आणला, तर खांद्यावरून उतरतोय. आता बाजारात कोणी हात लावायला तयार नाही."

रूममेट गाळ्यात होती. घरात बोलणारी मी एकटीच. मी बाबांना फ्रॉक दाखवला, खांदे ओढून दाखवले. ते त्यांना आधीच दिसलं होतं, त्यांनी टेप काढून मुलीचं माप घ्यायलाही सुरुवात केली. पण कशासाठी आणि कधी हवा, हे मला सांगायचं होतं. चर्च कसं सांगायचं मला माहीत नव्हतं. मी हात जोडले आणि बोटांनी हवेत क्रूस काढला. बाबांचा चेहरा एकदम पडला. त्यांनी पांढऱ्या फ्रॉककडे पाहिलं, क्रूस मनाशी जुळवला आणि आंटींकडे वळून छातीवर हात ठेवून मान खाली घातली.

आंटी गोंधळल्या. "काय झालं ह्यांना?"

"त्यांना वाटलं, तुमच्याकडे कुणी गेलं."

"अरे देवा!" आंटी हसायलाच लागल्या. तेवढ्यात मुलगी पुढे झाली. डोळे मिटून हात जोडून उभी राहिली आणि प्रसाद घेतात तशी जीभ बाहेर काढली. आईने टाळी वाजवली. त्यांच्या गावाजवळही ख्रिस्ती वस्ती होती, तिथल्या मुलींचे असे फ्रॉक बाबांनीच शिवलेले होते. तिने बाबांना दोन खुणांत सांगितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

आंटींकडे सासूबाईंचं जुनं मशीन होतं. बाबा दोन दुपारी खाली जाऊन बसले. खांदे बसवले, कमरेला चुण्या घातल्या. रविवारी आंटींनी आम्हा चौघांना आग्रहाने वसई गावात नेलं. चर्चमध्ये सगळे उभे राहिले की आईबाबा उभे राहायचे, बसले की बसायचे. गाणी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, पण दोघंही मन लावून बघत होते. बाहेर आल्यावर मुली फोटोंसाठी रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा बाबा त्या रांगेमागून चालत गेले आणि एकेका फ्रॉकची शिवण न्याहाळत आले. आंटींच्या लेकीपाशी येऊन थांबले आणि आमच्याकडे बघून अंगठा वर केला.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांना समुद्र बघायचा होता. आम्ही पाचूबंदरला गेलो. होड्या लागलेल्या, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. आईने तिथल्या एका बाईशी सुक्या बोंबलांचा सौदा केला. दोघी हातवारे करून भांडत होत्या, आणि त्या बाईला शेवटपर्यंत कळलं नाही की समोरचीला ऐकू येत नाही. आजूबाजूच्या कलकलाटात ती सगळ्यांशी तशीच बोलत होती.

ते दोघं गेले त्या संध्याकाळी घर फारच गप्प वाटलं. मग सात वाजले, मोबाईल खुर्चीवर लागला, मी माझं दार लोटलं आणि नेहमीचं सुरू झालं.

भांडणं संपली असं मी म्हणणार नाही. लग्नसराईत तिचं काम नऊच्या पुढे जातं, परीक्षेच्या दिवसांत माझं जातं. रविवारी तिच्या चुलतबहिणी सगळ्या एकदम व्हिडिओवर येतात, तेव्हा मला नेटवरून काही उतरवून घ्यायचं असलं की माझी चिडचिड होते. पण आता मी दार वाजवत नाही, दिव्याचं बटण दाबते. ती वैतागते, पण बघते.

मध्यंतरी आमच्या रस्त्याचं खोदकाम निघालं आणि केबल तुटली. डबीचे दिवे लाल. नेटवाला म्हणाला उद्यापर्यंत थांबा. माझा उजळणीचा वर्ग होता आणि तिच्याकडे एका साखरपुड्याचे ब्लाऊज कापायचे होते. खोलीत मोबाईलला रेंज नीट येत नाही, म्हणून आम्ही दोघी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. मी मोबाईल कठड्यावर टेकवून त्रिकोणाची समरूपता समजावत होते. पलीकडे ती उभ्याने हात हलवत होती आणि मधेच ओरडत होती, "काकू, पुढे कटोरी कट की प्रिन्सेस?"

"मॅम, कटोरी म्हणजे काय?" एका मुलाने विचारलं.

"ते तुमच्या अभ्यासक्रमात नाही," मी म्हटलं. "कोन बघा. कुठले दोन कोन समान आहेत?"

त्याने बरोबर सांगितलं. पलीकडून "झालं, कापतायत बाबा" असा आवाज आला. तुंगारेश्वरच्या डोंगरांवरचा उजेड गेला होता आणि डास चावायला लागले होते. मी अजून एक गणित घेतलं आणि आम्ही खाली आलो.